जाळीवरच्या कुंड्या

मेलेला पुदिना संध्याकाळी जिवंत झाला, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो.

सकाळी दुकानात जाण्याआधी मी तो नीट पाहिला होता. काड्या काळ्या पडल्या होत्या, पानं मातीला चिकटली होती. जरा ओढलं तर अख्खा मुळासकट हातात आला. कचऱ्याचा डबा भरलेला होता म्हणून तसाच परत कुंडीत खोचला आणि निघालो. संध्याकाळी येऊन बाल्कनीचं दार उघडतो तर त्याच हुकावर, तशाच कुंडीत, हिरवागार पुदिना. पान चुरगळून वास घेतला. पुदिनाच.

आमची ही जाऊन तेव्हा तीनेक महिने झाले होते. अशा दिवसांत मेलेलं काही जिवंत झालेलं दिसलं, तर माणसाच्या मनात काय काय येतं ते मी लिहीत नाही. चहा करून प्यायलो.

ही बाग हिची. बाल्कनी इतकी अरुंद की खुर्ची टाकली तर दार उघडत नाही. खाली कुंड्या ठेवायला जागा नाही म्हणून हिने भिंतीला माणसापेक्षा उंच लोखंडी जाळी ठोकून घेतली आणि झाडं वर चढवली. कुंड्या सगळ्या एकसारख्या, मातकट प्लॅस्टिकच्या, जाळीच्या हुकांना अडकवायच्या. वर कोरफड आणि मिरची, मध्ये पुदिना, पालक, लाल-जांभळ्या पानांचं एक झाड, खाली नेचे आणि मनीप्लांट. जाळीच्या उजव्या हाताला शेजारची बाल्कनी. मध्ये कमरेइतकी भिंत, आणि भिंतीवर पलीकडच्या बाजूने कायम सोडलेला बांबूचा पडदा. तिथे सिस्टर राहतात. हॉस्पिटलात नर्स आहेत, नेहमी रात्रपाळी. दिवसा झोपतात म्हणून पडदा, असं मी समजून होतो. मी सकाळी दुकान उघडायला निघालो की त्यांची यायची वेळ, आणि मी परत यायच्या सुमाराला त्यांची जायची. जिन्यात कधीमधी भेट व्हायची तेवढीच.

मी शिंपी. समोरच्याचं माप नजरेने सांगेन. झाडांतलं मला काही कळत नाही. हिच्यामागे ती वाळू नयेत एवढंच मी ठरवलं होतं, आणि रोज सकाळी एकेका कुंडीला एकेक पेला पाणी घालत होतो. वरच्या ओळीला एक, खालच्या ओळीला एक. कोणावर अन्याय नको.

पुदिन्यानंतर मग रोजचंच सुरू झालं. सकाळी वर मिरची, संध्याकाळी तिथे पालक. खालचा नेचा पिवळा पडत होता, तो एक दिवस गडद हिरवा आणि दुप्पट मोठा. लाल-जांभळं झाड गायबच झालं, आणि चार दिवसांनी दुसऱ्याच हुकावर आलं. घराला कुलूप. चावी माझ्या खिशात, दुसरी लेकीकडे, आणि लेक दुसऱ्या गावात.

मी लेकीला फोन केला.

"तू मध्ये कधी येऊन गेलीस का गं?"

"मी कशी येईन बाबा, न सांगता? काय झालं?"

"काही नाही. झाडं जागा बदलतायत."

ती म्हणाली, "जेवताय ना वेळेवर?"

"जेवतोय की."

"झोप?"

"अगं, मी झाडांचं सांगतोय."

"तेच म्हणते मी. झोप लागते का?"

त्याच आठवड्यात मी दूध गॅसवर ठेवून अंघोळीला गेलो आणि पातेलं करपलं. धूर बघून खालच्या मजल्यावरचे धावत आले, आणि त्यांनीच लेकीला कळवलं. दुकानात एका शर्टाला मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गिऱ्हाइकाने तो अंगात घालून बघितला आणि मला काही न बोलता परत काढून ठेवला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

दुकानाशेजारी इस्त्रीवाला आहे, माझ्याच वयाचा, तोंडाने फटकळ. त्याला सगळं सांगितलं.

"मास्तर, झाडं फिरायला लागली असतील तर एखादं माझ्याकडे पाठवा," तो म्हणाला. "कपडे पोचवायला माणूस मिळत नाही."

"थट्टा नको रे. लेक म्हणते, तिच्याकडेच चला कायमचे."

तेव्हा त्याने इस्त्री उभी केली. "तुम्हाला जायचंय?"

"नाही."

"मग खूण करून ठेवा. झाड हललं की तुमचं डोकं हललं, ते एकदा कळू दे."

मला जायचं का नव्हतं, तेही सांगतो. लेक चांगली आहे, जावई चांगला आहे. पण या घरात ही कुठे काय ठेवायची ते मला माहीत आहे. सुईदोऱ्याचा डबा कुठे, जुनी चादर कुठे. इथून गेलो की हिच्याबद्दल मला पक्कं माहीत असलेलं तेवढंही संपलं असतं.

खूण करायची म्हटलं की शिंप्याला दोराच सुचणार. आमच्यात गिऱ्हाइकाचं कापड आलं की त्याला एका रंगाचा दोरा बांधायचा. मग कापड कापलं, पाठ इकडे, बाही तिकडे, कॉलर कुठे तिसरीकडे गेली, तरी दोरा तुकड्याबरोबर जातो. दोरा ज्या रंगाचा, कापड त्या माणसाचं. त्यात चूक होत नाही. मी सकाळी लवकर उठून प्रत्येक कुंडीच्या कडेला दोरा बांधला. मिरचीला लाल, पुदिन्याला हिरवा, कोरफडीला पांढरा, नेच्याला पिवळा. गाठ माझी नेहमीची, धुलाईतही न सुटणारी. आता झाड कुठेही जाऊ दे, दोरा सांगेल.

संध्याकाळी दार उघडलं. लाल दोरा वरच्या हुकावर, जिथे सकाळी होता तिथेच. हिरवा तिथेच. पांढरा, पिवळा, सगळे आपापल्या जागी. पण लाल दोऱ्याच्या कुंडीत पालक होता, आणि पिवळ्याच्या कुंडीत पुदिना.

कुंडी हलली असती तर दोरा हलला असता. दोरा हलला नाही, म्हणजे कुंडी हलली नाही. मग मिरचीला बांधतोय असं समजून मी सकाळी पालकाला दोरा बांधला होता? मिरचीचं आणि पालकाचं पान मला वेगळं ओळखता येत नाही? मग मी गाठ बघितली. गाठ माझी नव्हती. सपाट, दुहेरी, शेवटाला एक फास. अशी गाठ मी जन्मात मारलेली नाही. हातच नवीन गाठ मारायला लागला आणि मला पत्ता नाही, असाच त्याचा अर्थ निघत होता.

दुसऱ्या दिवशी परत सगळं नीट बांधलं. बांधताना झाडाचं नाव मोठ्याने म्हणत होतो. संध्याकाळी पुन्हा तेच. दोरे जागेवर, झाडं भलतीच, गाठी परक्या.

मी हात टेकले. लेकीला फोन करून म्हटलं, "येतो तुझ्याकडे."

"रविवारी न्यायला येते," ती म्हणाली. तिला हायसं वाटलं ते आवाजात कळत होतं. "चारच कपडे भरा. बाकीचं मी बघते."

शनिवारी संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं. झाडांचं काय करायचं हा प्रश्न होता. सिस्टरांची जायची वेळ व्हायच्या आत त्यांची बेल वाजवली. त्या गणवेशात होत्या, तोंडात पिना धरून केस वर बांधत होत्या.

"या भाऊ. चप्पल राहू द्या पायात. काय झालं?"

"उद्या लेकीकडे चाललोय. राहायलाच."

त्यांनी तोंडातल्या पिना काढल्या. "कायमचे?"

"हो. म्हटलं, झाडं तुम्ही घेतलीत तर बरं होईल. हिची आहेत. टाकवत नाहीत."

"कुठली झाडं?"

"आमची. जाळीवरची."

"अहो, निम्मी तर इकडेच आहेत."

मला काही बोध होईना. त्या मला सरळ त्यांच्या बाल्कनीत घेऊन गेल्या. तिथे तशीच जाळी, तशाच मातकट कुंड्या. एका कोपऱ्यात माझी मिरची होती. तिच्याशेजारी काळा पडलेला तो पहिला पुदिना, आता त्याला खालून दोन नवीन फुटवे आलेले.

"तुमच्याकडे ऊन, माझ्याकडे सावली," सिस्टर म्हणाल्या. "समोरच्या इमारतीमुळे माझ्याकडे ऊन येतच नाही. म्हणून जी आजारी ती माझ्याकडे आणायची, जीव धरला की परत तुमच्याकडे उन्हात. जाळी लावली तेव्हापासून आमचं हेच चालू आहे. वहिनींनी सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"कधीतरी बोलण्यात आलं असेल."

"नाही आलं."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे." त्या जरा ओशाळल्या, आणि ओशाळल्या म्हणून आणखी बोलायला लागल्या. "आणि एक विचारू? खालच्या ओळीला वेगळं पाणी का घालता? वरच्यांचं पाणी ओघळून खालीच येतं ना. वर घाला, खाली बोट घालून बघा, कोरडं लागलं तरच द्या. दर दोन दिवसांनी एक पेशंट बुडून येतोय माझ्याकडे."

"आणि दोरे?" मी विचारलं.

"हो, ते दोरे!" त्या हसल्या. "ते बघून मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, भाऊपण सामील झाले. पण किती वेळ जायचा त्यात! एकेक गाठ सोडायची आणि नव्या कुंडीला बांधायची. नख मोडलं माझं. तुम्हा शिंप्यांच्या गाठी म्हणजे!"

"सोडायच्या कशाला पण?"

"म्हणजे? तुम्ही हुकांना नंबर दिले होते ना?"

"हुकांना नाही. झाडांना."

"आमच्या वॉर्डात नंबर खाटेचा असतो, भाऊ. पेशंट दुसऱ्या खाटेवर गेला तर नंबर घेऊन नाही जात. मी म्हटलं, वरची डावीकडची खाट लाल. मग पेशंट बदलला तरी खाट लालच राहायला हवी."

माझा जीव भांड्यात पडला. तिथेच त्यांच्या स्टुलावर बसलो. मी भ्रमिष्ट नव्हतो. मिरची ती मिरचीच होती. पण बसल्या बसल्या दुसरंच डोक्यात आलं.

"तुम्ही ये-जा कुठून करता?"

"कुठून म्हणजे? भिंतीवरून. पडदा सारायचा, पाय टाकायचा."

"आणि ही?"

"वहिनीही."

आमची ही जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायची. गुडघे धरून उभी राहायची. मी दुकानातून लवकर आलो तर पिशव्या मीच वर आणायचो. ती बाई कमरेइतक्या भिंतीवरून पाय टाकून पलीकडे जात होती, आणि मला माहीत नव्हतं.

"तिचे गुडघे दुखायचे," मी म्हटलं.

"भिंतीला नाही दुखायचे," सिस्टर म्हणाल्या आणि घड्याळ बघून पर्स उचलली. "भाऊ, मला उशीर होतोय. तुम्ही काही जाऊबिऊ नका हो. उद्या बोलू. फक्त सकाळी येऊन झोपते, तर दुपारपर्यंत बेल तेवढी नका वाजवू. सलग सहावी रात्र आहे."

"नाही वाजवत," मी शब्द दिला.

तो शब्द मला चांगलाच नडला. रविवारी सकाळी लेक मोठी रिकामी बॅग घेऊन आली, आणि मी तिला दारातच सांगितलं, "मी येत नाही. उलगडा झाला."

"कसला?"

"झाडांचा. शेजारच्या सिस्टर भिंतीवरून येतात आणि कुंड्या बदलतात. आजारी कुंडी तिकडे नेतात, बरी झालेली इकडे आणतात. आणि दोरे सोडून दुसऱ्या कुंडीला बांधतात, कारण त्यांना वाटलं, ते खाटेचे नंबर आहेत."

बोलता बोलता माझ्याच कानाला ते कसं लागतंय ते कळत होतं. झाडं आपोआप हलतात हे त्यापेक्षा शहाणपणाचं वाटलं असतं.

"हो बाबा," लेक म्हणाली.

तो हो माझ्या ओळखीचा होता. हॉस्पिटलात शेवटी शेवटी ही काहीबाही बोलायची, गाडी चुकेल म्हणायची, आणि मी असाच हो म्हणायचो.

"खरं सांगतोय मी. तुझी आईपण जायची भिंतीवरून."

हे मी बोलायला नको होतं. तिचे डोळे भरले. "आईला पलंगावरून उतरताना हात द्यावा लागायचा, बाबा."

"ये इकडे. बघ."

बाल्कनीत नेऊन मी पडदा एका बाजूने सारला. पलीकडची जाळी दाखवली, कुंड्या दाखवल्या.

"त्यांच्याकडेही झाडं आहेत," ती म्हणाली, अगदी हळू, समजुतीच्या आवाजात. "अशा कुंड्या कुठेही मिळतात."

"ती बघ मिरची. ती आपली आहे."

"बरं. आपण त्यांना विचारू या का?"

"त्या झोपल्यात. सलग सहा रात्री काम केलंय. मी शब्द दिलाय."

"बरं," ती परत म्हणाली, आणि आत जाऊन कपाट उघडलं. हँगर सरकल्याचा आवाज आला. माझा तपकिरी कोट बाहेर निघाला असणार, तो पहिलाच आहे.

मग मला राहवलं नाही. मिरचीच्या कुंडीला अजून माझा लाल दोरा असेल, असं मला वाटलं. का वाटलं ते सांगता येत नाही. दोरे तर सगळे आमच्याच बाजूला होते, मीच बघितले होते. पण डोकं चालत नव्हतं. ती कुंडी हातात घेऊन लेकीसमोर धरली की सगळं मिटेल, एवढंच डोक्यात होतं. मी भिंतीवर हात टेकले आणि उजवा पाय वर टाकला. पाय गेला. पण पॅंट घट्ट झाली, मीच शिवलेली, आणि मागचा पाय उचलेना. पुढचा पाय पलीकडच्या जमिनीला टेकेना. घोड्यावर बसावं तसा मी भिंतीवर बसलो, आणि बाल्कनीचा बाहेरचा कठडा अगदी शेजारीच होता.

"बाबा!" लेक धावत आली आणि तिने माझा सदरा मागून दोन्ही हातांनी धरला. "बाबा, काय करताय? उतरा! आधी उतरा!"

"उतरायलाच तर येत नाहीये."

"हलू नका! अजिबात हलू नका!"

ती इतकी मोठ्याने ओरडत होती की पलीकडचं दार उघडलं. सिस्टर बाहेर आल्या, केस मोकळे, एका गालावर उशीचा वळ. माझ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि एक मोठी जांभई दिली.

"भाऊ, तो पाय नाही," त्या म्हणाल्या. "वहिनी डावा टाकायच्या आधी. आणि भिंतीला नाही धरायचं, त्या पाइपला धरायचं. म्हणजे गुडघ्यावर भार येत नाही."

लेकीच्या हातातला सदरा सैल झाला.

"आई?" ती म्हणाली. "आई या भिंतीवरून यायची?"

"रोज. कुंडी हलवायची नसली तरी यायच्या. मी ड्यूटीवरून आले की आम्ही इथे चहा प्यायचो, मग मी झोपायचे." सिस्टरांनी पुढे होऊन माझा पाय धरला आणि पेशंटला वळवावं तसं मला अलगद वळवून आमच्या बाजूला उतरवलं. "गुडघे दुखतात म्हणून तक्रार करायच्या, आणि परत यायच्या."

आम्ही तिघं भिंतीच्या दोन बाजूंना उभे होतो. मला वाटलं होतं, आता लेक हसेल किंवा मला सॉरी म्हणेल. ती तशीच उभी राहिली. तिलाही माझ्यासारखंच झालं असावं. वडील ठीक आहेत हे कळलं, पण आई कोण होती ते थोडं कमी कळायला लागलं.

"आणि दूध?" तिने शेवटी विचारलं. "पातेलं?"

"ते मीच," मी म्हटलं. "ते खरंच विसरलो."

"बाह्या?"

"तुला इस्त्रीवाल्याने सांगितलं?"

"फोन केला होता मी त्यांना."

"बाह्याही मीच लावल्या."

या वेळी ती हो म्हणाली नाही. मग आत गेली, आणि हँगर परत सरकल्याचा आवाज आला. दुपारी आम्ही दोघं जेवलो. ती म्हणाली, "रोज सकाळी फोन करीन. गॅस बंद केलात का ते विचारीन. चिडायचं नाही."

"चिडेन थोडा."

"चालेल."

निघताना ती बाल्कनीत गेली. "आईचं एखादं झाड नेऊ का मी?"

"ने की."

"आईचं कुठलं?"

मी जाळीकडे बघितलं. मग पडद्याकडे वळून हाक मारली. सिस्टर तोवर उठल्या होत्या. त्यांनी पडदा वर केला, आमची जाळी बघितली, स्वतःची बघितली, आणि मान हलवली.

"इतकी वर्षं इकडून तिकडे करतोय," त्या म्हणाल्या. "कुठलं वहिनींनी लावलं आणि कुठलं मी, खरंच नाही सांगता येणार."

लेकीने थोडा वेळ वाट बघितली, जणू कोणीतरी आठवून सांगेल. मग मधल्या ओळीतलं लाल-जांभळ्या पानांचं झाड उचललं. बॅग रिकामीच होती. कुंडी त्यात उभी ठेवली, भोवती माझे दोन जुने सदरे खोचले, आणि चेन अर्धी उघडी ठेवून ती गेली.

आता मधला एक हूक रिकामा आहे. तिथे काय लावायचं ते मला माहीत नाही. उद्या सिस्टर ड्यूटीवरून आल्या की विचारेन. त्यासाठी दुकान थोडं उशिरा उघडावं लागेल.